अनामिकेचे गणगोत

मराठी संसाराचा अर्धाअधिक कारभार 'ते' आणि 'हे' या दोन सर्वनामांच्या जोरावर चालतो, आणि तो इतका सुरळीत चालतो की, नामे ही केवळ ग्रंथ जाड व्हावा एवढ्याच हेतूने व्याकरणकारांनी कल्पिली असावीत, असा संशय विचारी माणसाला आल्यावाचून राहत नाही. "अहो, ते हे जरा त्या ह्याच्यावरून काढून ह्याच्यात ठेवता का?" अशी पृच्छा स्वयंपाकघरातून झाली, की वर्तमानपत्रात मग्न झालेला कुटुंबप्रमुख निमूटपणे उठतो, जी वस्तू अभिप्रेत असेल नेमकी तीच उचलतो, जेथे ठेवणे इष्ट असेल नेमकी तेथेच ठेवतो आणि अर्धवट राहिलेल्या अग्रलेखात पुनश्च शिरतो. ज्या वाक्यात एकाही पदार्थाचा नामनिर्देश नाही त्याचा इतका बिनचूक अर्थबोध कसा होतो, याचा उलगडा पाणिनीलाही एखाद्या सूत्राने झाला असता असे वाटत नाही. उलट, त्याच सद्गृहस्थाला "फडताळातली अडणी घ्या, तिच्यावर पातेले ठेवा आणि वर वेळणी झाका" असे शुद्ध, सुस्पष्ट आणि नामसंपन्न मराठीत कोणी सांगितले, तर तो प्रथम चष्मा काढतो, नंतर तो पुसतो आणि अखेरीस, "अडणी म्हणजे ते हेच ना?" असे विचारून सारा मामला पूर्ववत सर्वनामांच्या अमलाखाली आणतो.

याचा दोष आळसाला देण्याची वहिवाट आहे. ती मला मान्य नाही. नाव ही चीज ज्याला हाक मारावी लागते त्याच्यासाठी असते, आणि जी वस्तू बिनतक्रार काम करते तिला हाक मारण्याचा प्रसंगच येत नाही. दाराची कडी सकाळ-संध्याकाळ लागते आणि निघते. तिच्याशी आपला संबंध हाताचा असतो, जिभेचा नसतो. परंतु ती एक दिवस खळ्कन हातात आली की त्याच क्षणी तिचे नाव काय, हा प्रश्न अत्यंत निकडीचा होऊन बसतो. कारण आता ती दुसऱ्याला सांगावयाची असते, आणि हा दुसरा आपल्या कुटुंबातील नसल्यामुळे 'ते हे' त्याला लागू पडत नाही. सारांश, वस्तूचे नाव हे तिच्या नादुरुस्तीचे अपत्य आहे, आणि ज्याच्या घरात काहीच मोडत नाही त्याचा शब्दसंग्रह दरिद्री राहणार हे विधिलिखित आहे.

या सिद्धान्ताची प्रचीती ज्याला घ्यावयाची असेल त्याने रविवारी सकाळी पुण्याच्या बोहरी आळीत, लोखंडी सामानाच्या एखाद्या दुकानासमोर घटकाभर उभे राहावे. तेथे येणारे गिऱ्हाईक दोन जातींचे असते. पहिली जात सुतार-गवंड्यांची. हे लोक दुकानाच्या पायरीवरूनच दोन शब्द फेकतात, पुडके उचलतात आणि चालू लागतात. दुसरी जात सुशिक्षितांची. हे लोक कालिदासाच्या उपमांवर व्याख्यान देऊ शकतात, जमाबंदीच्या कलमांचा कीस काढू शकतात. पण दुकानाच्या फळीशी येताच त्यांची वाणी लोप पावते आणि दोन्ही हात बोलू लागतात.

"दाराचे ते हे पाहिजे होते."

"कडी पाहिजे की कोयंडा?"

"ज्यात ते जाते ना, ते."

"म्हणजे कोयंडा."

"छे छे, ज्यात जाते ते शाबूत आहे. जे त्यात जाते ते गेले."

"म्हणजे कडी, साहेब."

"तसेच काही नाही. आडवे असते ते."

"मग अडसर म्हणा."

"एवढे मोठे नव्हे हो! लहानसे, लाकडाचे, असे फिरते."

"खिट्टी!" असे दुकानदार उद्गारतो, आणि त्या उद्गारात वैद्याला अखेर रोगाचे निदान झाल्याचा आनंद असतो. गिऱ्हाईकही कृतकृत्य होऊन मान डोलावते. मात्र या संवादात एक व्यावहारिक मेख आहे, आणि ती दुकानदाराच्या पिढ्यान्पिढ्या ध्यानी आलेली आहे. ज्याला वस्तूचे नाव सांगता आले नाही, त्याला तिच्या किमतीविषयी घासाघीस करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. जो मनुष्य पाव घटका हवेत चित्रे काढीत होता, त्याने "फार महाग लावता बुवा" असे म्हणणे स्वतःलाच बेअदबीचे वाटते. सुताराच्या बाबतीतही हाच अनुभव. "खालची बिजागरी ठीक आहे, पण चौकटीची बाही कलली आणि गणेशपट्टीला ओल लागली" असा त्याने एकदा शेरा मारला, की ज्या घराचे खरेदीखत आपल्या नावावर आहे त्या घराविषयी आपल्याला काडीचीही माहिती नाही, हे मालकाला उमगते, आणि मजुरीचा आकडा तो खाली मान घालून ऐकून घेतो. अज्ञानावर बसविलेला असा कर कोणत्याही सरकारच्या अंदाजपत्रकात नसेल. पण त्याची वसुली अव्याहत चालू असते.

कपड्यांचेही असेच. विजारीची नाडी ज्या पोकळ पट्टीतून फिरते तिला नेफा म्हणतात, हे ज्ञान मनुष्याला शिंप्याकडून क्वचितच होते. ते होते ऐन लग्नघरी, बाहेर वरातीचे वाजंत्री सुरू झालेले असताना, नाडीचे एक टोक एकाएकी अंतर्धान पावते तेव्हा. मग घरातील एखादी जाणती आजी "नेफ्यात गेली वाटते!" एवढेच म्हणून केसातला आकडा काढून देते, आणि नवरदेवाचा धाकटा भाऊ त्या दिवशी एक शब्द शिकतो जो तो मरेपर्यंत विसरत नाही. चपलेच्या अंगठ्याचा महिमा तो तुटेपर्यंत कोणाला कळला आहे? काखेतली शिवण उसवली म्हणजे तेथल्या चौकोनी ठिगळाला चौबगला हे भारदस्त नाव असल्याचे उघडकीस येते. फार काय, आपल्या स्वतःच्या देहाविषयीही आपली माहिती दुखण्याच्या क्रमानेच वाढत जाते. पडजीभ ही सुजल्याखेरीज कोणाच्या स्मरणात येत नाही, आणि नखाखालच्या कोवळ्या मांसाला जिव्हाळी म्हणतात हे नखे काढताना रक्त आल्यावरच कोणीतरी सांगते.

देहाचा विषय निघालाच आहे तर उजव्या हाताच्या एका बोटाची कैफियत येथे दाखल करणे अगत्याचे आहे. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि करंगळी यांना आपापली नावे मिळाली. मधल्या एकीची पाळी आली तेव्हा नामकरण करणाऱ्या आमच्या पूर्वजांची प्रतिभा एकाएकी थकली, आणि त्यांनी तिला 'अनामिका', म्हणजे जिला नाव नाही ती, असे नाव देऊन बैठक बरखास्त केली. बरे, हे बोट काही अडगळीतले नव्हे. धर्मकृत्यात दर्भाचे पवित्रक याच बोटात घालावयाचे, देवाला गंध याच बोटाने लावावयाचे, आणि अंगठी मिरवावयाची तीही बहुधा याच बोटात. जिच्या गळ्यात एवढे अलंकार तिला नाव मात्र नाही, ही विसंगती संस्कृत पंडितांनाही बोचली असावी. कारण कोणा सुभाषितकाराने तिच्यासाठी एक खासी सबब शोधून काढली आहे. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदासाला बसविले; पुढच्या बोटावर बसवावा असा त्याच्या तोलाचा कवी अद्यापि मिळाला नाही; तेव्हा ते बोट अनामिका राहिले ते सार्थच झाले, असा त्या श्लोकाचा मथितार्थ. कालिदासाची थोरवी मला मान्य आहे. परंतु एका बोटाचे नाव कायमचे रिकामे ठेवून दुसऱ्या कवींना तिष्ठत बसविण्याचा हा प्रकार नेमणुकीच्या कोणत्याही शिरस्त्याला धरून नाही.

आणि गंमत अशी की, ज्या लोकांना या बोटाला नाव सुचले नाही, त्यांना त्या बोटाच्या आणि अंगठ्याच्या मधल्या पोकळीला नाव सुचले होते. अमरकोशात याची सविस्तर नोंद आहे. हात ताणला असता अंगठ्यापासून तर्जनीपर्यंतचे अंतर तो प्रादेश, मध्यमेपर्यंतचे तो ताल, अनामिकेपर्यंतचे गोकर्ण, आणि कनिष्ठिकेपर्यंतचे, बारा अंगुळांचे, ती वितस्ति. यांपैकी वितस्ति तेवढी 'वीत' होऊन मराठीत नांदली, आणि पोटाचे माप सांगण्याची कामगिरी तिच्याकडे आली. बाकीच्या तिघांचे काय झाले? गोकर्णाने कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तीर्थक्षेत्र म्हणून लौकिक मिळविला आणि कुंपणावरच्या निळ्या फुलांना आपले नाव दिले. परंतु कापडाच्या दुकानात जाऊन "तीन गोकर्ण मलमल फाडा" असे म्हणणारा इसम आज आढळला तर त्याला दुकानदार कापड देण्याऐवजी पाणी देईल. तथापि एके काळी या देशात रिकाम्या जागेलाही चार निरनिराळी नावे देण्याइतकी फुरसत आणि बारकाई होती, याचे मला कौतुक वाटते. दोन्ही हात पसरले म्हणजे वाव, आणि विहिरीची खोली मोजावयाची ती परसांनी, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाच्या उंचीने. मापाचा गज घरी विसरण्याची सोयच त्या काळी नव्हती.

शेतकऱ्याकडे ही श्रीमंती बरेच दिवस टिकली, कारण त्याच्याकडे रोज काही ना काही तुटत असे. शहरवासीयाजवळ 'दोरी' हा एकच शब्द असतो आणि त्यावर तो जन्म काढतो. शेतकऱ्याला मोटेच्या तोंडाचा जाडजूड नाडा वेगळा आणि सोंडेचा बारीक सोंदूर वेगळा; बैलाच्या नाकातली वेसण निराळी, हातातला कासरा निराळा, गळ्यातले दावे आणखीच निराळे. "दोरी आण" असे त्याने सांगितले असते तर गड्याने विचारले असते, "कोणती?" आणि तो प्रश्न रास्त ठरला असता. पुढे विहिरीवर पंप बसले, मोट गेली, नाडा गेला, सोंदूर गेला. आणि दुरुस्तीला येणारा मनुष्य आता 'वायसर' आणि 'फूटवॉल' हे शब्द घेऊन येतो. त्यांतला एक वॉशर आणि दुसरा फूट व्हॉल्व्ह, हे ओळखण्याची कुवत मूळ विलायती मालकाच्याही अंगी नसेल, इतके ते आता आपले झाले आहेत.

वस्तू गेली म्हणून तिचे नाव लगेच जाते असे मात्र नाही. आमच्या भाषेत म्हणी आणि वाक्प्रचार हे शब्दांचे पांजरपोळ आहे; कामातून गेलेला, दूध न देणारा, नांगराला न चालणारा शब्द तेथे नेऊन सोडतात आणि त्याच्या वैरणीची तजवीज पुढची दोनशे वर्षे होत राहते. "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" असे आपण बिनदिक्कत म्हणतो. परंतु तराजूच्या दोन पारड्यांतला फरक नाहीसा करण्यासाठी हलक्या बाजूला जो खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात तो पासंग, हे बोलणाऱ्याला पुसले तर तो विषय बदलतो. पोहरा कोणी पाहिला नाही, पण आडात नसले तर त्यात येणार नाही हे सर्वांना ठाऊक आहे. सुंभ जळाल्याचे कोणी पाहिले नाही, तरी त्याचा पीळ जात नाही याची ग्वाही प्रत्येक जण, विशेषतः व्याह्यांच्या बाबतीत, देऊ शकतो. पाचावर धारण बसलेल्या माणसाला धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव हे सांगितले, तर त्याची भीती कमी होईल की वाढेल ते त्याच्या पगारावर अवलंबून राहील.

या पांजरपोळात सर्वांत बिकट अवस्था होते ती शाळामास्तरांची. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण वर्गात समजावून द्यावयाची असते. मुले पाचव्या मजल्यावर राहणारी. प्रथम छपराला पाखी असतात हे सांगावे लागते. मग दोन पाखी जेथे मिळतात तेथले आडवे लाकूड ते आढे, छपराची खालची कड भिंतीबाहेर येते तिच्याखाली वळचण, आणि कडेवरून गळणाऱ्या धारा त्या पागोळ्या, हे फळ्यावर काढून दाखवावे लागते. एवढा खटाटोप करून मास्तर घाम पुसतात, तोच मागल्या बाकावरून एक मुलगा उठतो आणि नम्रपणे विचारतो की, "आमच्या इमारतीत खालच्या टाकीतले पाणी पंपाने रोज गच्चीवर जाते, मग ही म्हण चुकीची आहे का, सर?" यावर मास्तरांजवळ उत्तर नसते, आणि ते म्हणतात, "परीक्षेत येणार नाही, पुढे चला."

सरकारी फर्मानाने नावे रद्द होतात, हीही एक समजूत आहे. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1 एप्रिल 1957 रोजी नवा पैसा आला, आणि शेर, अच्छेर, पायली, अधोली, आणा, पै या सर्व मंडळींना क्रमाक्रमाने सेवानिवृत्त करण्यात आले. त्यांतली अधोली खरोखरच घरी गेली. पावशेर मात्र निवृत्तीचा हुकूम खिशात घालून भाजीबाजारात अद्यापि कामावर हजर आहे. शेर नाहीसा झाला तरी त्याचा चतुर्थांश शिल्लक राहावा, हे गणिताच्या कोणत्या नियमात बसते ते मी सांगू शकत नाही. नवटाकाची कथा आणखी उद्बोधक. शेराचा आठवा हिस्सा असलेले हे सात्त्विक माप तूप आणि तेल मोजता मोजता हातभट्टीच्या गुत्त्यात शिरले, आणि ज्या काळी मुंबईत दारूबंदीचा अंमल होता त्याच काळी त्याचा लौकिक परमोच्च बिंदूला पोहोचला. सज्जनांच्या घरातून गेलेला शब्द दुर्जनांनी सांभाळला, असे हे उदाहरण असून भाषाशास्त्रज्ञांनी त्याची दखल घ्यावी. पुराव्यासाठी प्रत्यक्ष जाण्याची आवश्यकता नाही.

नवी नावे घडविणाऱ्यांचा कारखानाही आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दहा वर्गांत लावून दिले. पुढे विनायकराव सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले आणि ते रुजले. या सर्व उद्योगाविषयी मला आदर आहे. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, ती ही की, शुद्धीकरणाची ही मोहीम कचेरीच्या दारातून आत शिरली, दप्तरखान्यात फिरली, दरबारात बसली, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी येऊन थबकली. सांडशीला, झाऱ्याला, रोवळीला किंवा चुलीच्या वैलाला प्रतिशब्द सुचविण्याचे धाडस कोणत्याही पंडिताला झाले नाही. भाषेचा अभिमान कितीही जाज्वल्य असला तरी संध्याकाळी जेवावयाचे असते, हे भान त्यांनी राखले असावे.

या नावांची पहिली मोठी खानेसुमारी कोणी केली असे विचाराल, तर ती कंपनी सरकारच्या पलटणीतील जेम्स मोल्सवर्थ नामक अधिकाऱ्याने. शास्त्रीमंडळी आणि कँडी बंधू यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती 1857 साली. एका बाजूने हिंदुस्थानभर बंडाचा वणवा पेटत असताना दुसऱ्या बाजूने मराठी सुतारकीच्या, शेतकीच्या आणि चुलीच्या शब्दांची मुद्रिते तपासली जात होती. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सात विभागांचा, आमच्या माणसांनी काढावयास त्यानंतर 1932 ते 1938 ही वर्षे उजाडावी लागली. यावरून स्वदेशीयांना नावे ठेवण्याचा मोह होईल. पण वरील सिद्धान्त ध्यानी घेतला तर त्यात नवल वाटू नये. साहेबाला 'ते हे' कळत नव्हते. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला सुपाचे नाव विचारण्याचे कारण नव्हते. सूप समोर होते, आई पाखडीत होती, आणि 'ते दे' म्हणताच ते देता येत होते. साहेबाला मात्र प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून, "हे काय? आणि ते काय?" असे विचारावे लागले, आणि विचारणारा हुद्द्याने मोठा असल्यामुळे त्याला उत्तर देणे भाग पडले.

राहता राहिला प्रश्न असा की, नावे ठाऊक असली म्हणजे सर्व काही सुरळीत होते काय? मुळीच नाही; उलट खरा बखेडा तेथूनच सुरू होतो. भांड्यांच्या दुकानात रत्नागिरीकडची सासू, अमरावतीकडची सून आणि सोबतीला आलेली पुण्याची शेजारीण, असा त्रिवेणी संगम झालेला मी पाहिला आहे. सासूबाईंनी टोप मागितला. सूनबाईंनी, दुकानदाराचा गोंधळ होऊ नये या सद्हेतूने, "आई, गंज म्हणा ना," अशी सूचना केली. लोखंडाला चढतो तो गंज भाताला कसा चालेल, असा प्रतिप्रश्न सासूबाईंनी केला, आणि टोप डोक्यावर घालतात की चुलीवर ठेवतात, हा प्रश्न सूनबाईंच्या ओठापर्यंत येऊन संस्कारांमुळे परत गेला. तेव्हा शेजारणीने मध्यस्थी करून त्या वस्तूचे शुद्ध नाव पातेले असल्याचे जाहीर केले. 'शुद्ध' या शब्दावर तिने जो जोर दिला तो अन्य दोघींनाही सारखाच झोंबल्यामुळे सासू-सुनांत त्या दिवशीचे पहिले ऐक्य झाले. ते फार वेळ टिकले नाही, कारण लगेच भाजी परतण्याचे साधन पाहिजे होते. त्याला सासूबाई कालथा म्हणत, सूनबाई सराटा म्हणत, आणि शेजारीण उलथणे म्हणत होती. दुकानदार मूळचा मारवाडचा. या प्रदेशात त्याचे केस पांढरे झाले होते. तिघींचेही म्हणणे त्याने अत्यंत आदराने ऐकून घेतले, एकीलाही दुजोरा दिला नाही, दोन्ही जिन्नस तराजूत टाकले, आणि चोपडीत नोंद केली: "नग दोन, वजन पावणेदोन किलो, रोख."